खालून वाचणारी

मार्च सरला होता. रात्रीचा गारवा पहाटे पाचपर्यंतच काय तो टिकायचा. सातला भिंत हाताला कोमट लागायची, नऊला चटका बसायचा. तापल्या भिंतीवर ऑइलपेंट नीट बसत नाही, ब्रशामागून ओघळतो. म्हणून उन्हाळ्यात चुडामण पेंटर कोंबड्याच्या आधी उठे. डब्यातल्या रंगावर आलेली साय काडीने उचलून उकिरड्यावर टाकी, रंग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेई, त्यात टर्पेंटाइनची धार सोडी आणि शिडी खांद्यावर टाकून निघे. दुसऱ्या हातात लोखंडी घडीची खुर्ची.

ती खुर्ची त्याच्यासाठी नव्हती. मागून दहा पावलांवर उजवा पाय ओढत येणाऱ्या प्रमिलाबाईसाठी होती. गणपतीच्या आधीपर्यंत ती खुर्ची स्वतः डोक्यावर घेऊन पुढे चालायची, आणि हा मागे राहायचा.

पारोळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत दोन मैलांवर सावरपिंप्री आहे. त्या दिवशी काम होतं तिथल्याच मराठी शाळेच्या नव्या खोलीवर. खोली बांधून दिली होती प्रेमराजने, बापाच्या नावाने. दारावर तसं लिहायचं होतं. नीळ लावलेलं सूत ताणून चुडामणने भिंतीवर रेघा मारल्या, अक्षरं पेन्सिलीने काढली, काळ्याने भरली. त्याची एक रीत होती, मामाकडून आलेली : काळं आधी, लाल शेवटी. जे लाल करायचं त्याची जागा कोरी सोडायची, सगळं काळं उरकायचं, ब्रश धुवायचा, मग लाल डबा उघडायचा. ‘श्री.’ आणि ‘कै.’ ही दोन्ही लाल असायची. ती त्याने शेवटी भरली.

मग शिडीवरूनच मान वळवून बायकोला म्हणाला, “निंबानी माय, वाच.”

प्रमिलाबाई रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसली होती. पदर सावरून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वाचतात तशी ती वाचू लागली, “कैलासवासी तोताराम महादू पाटील यांच्या स्मरणार्थ, श्रीयुत प्रेमराज तोताराम पाटील यांच्याकडून वर्गखोली सप्रेम भेट.”

आवाज खणखणीत. दूध घालायला निघालेले दोघं थांबले, ऐकून पुढे गेले. चुडामण खाली उतरला. शिडी घडी केली. भिंतीकडे कोणी पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, सगळ्यांनी ऐकलं होतं.

चुडामण शाळेत गेला तो दुसरीपर्यंत. मग मामाच्या मागे ट्रकांवर ‘शुभ लाभ’ आणि मोर काढत फिरला. अक्षर त्याला चित्रासारखं दिसे. क कसा वळतो, ज्ञ ची शेपटी कुठे जाते, हे त्याच्या हाताला ठाऊक. वाचायला मात्र एकेक अक्षर जोडत बसावं लागे, आणि शिडीवर तर तेही जमत नसे. तिथे नाकासमोर एकच अक्षर असतं, परातीएवढं. आधी काय गेलं, पुढे काय येणार, काही दिसत नाही. चांगला शिकलेला माणूसही शिडीवर चुकतो. त्यात घरात अहिराणीत बोलणार ‘शे’ आणि भिंतीवर लिहिणार ‘आहे’.

लग्न होऊन प्रमिलाबाई आली ती सातवी पास. नव्या नवरीने तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवरची नवऱ्याने काढलेली पाटी वाचली आणि सासूसमोर मोठ्याने हसली. सासूने खडसावलं, पण चुडामण शिडी घेऊन गेला आणि पाटी नीट करून आला. त्या दिवसापासून चौतीस वर्षं हीच रीत चालली. हा वर, ती खाली. ती वाचेपर्यंत काम झालं असं तो म्हणत नसे, आणि गिऱ्हाईकही म्हणत नसे.

तिला खोडच होती. धुळ्याला एसटीने निघाली की खिडकीशी बसून वाटेतली प्रत्येक पाटी वाचायची. ढाब्यांच्या, पेट्रोलपंपांच्या, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या. चूक दिसली की आख्ख्या एसटीला सांगायची. “दखा, दखा! ‘हार्दीक शुभेच्या’! दहा नेतासना फोटो टाकात, पन एकले बी वाचता येत नई.” कंडक्टर म्हणायचा, “मावशी, समजस ना? मंग झालं.” ती उसळायची, “समजस म्हनीसन काय बी लिखानं? तुना तिकिटवर धुयाना ऐवजी जयगाव लिखं तं चाली का?” आसपासच्या चार गावांत तिने चुडामणला दुसऱ्यांच्या पाट्याही फुकटात दुरुस्त करायला लावल्या होत्या. तो कुरकुरायचा, पण सायकलच्या हँडलला एक बारका डबा कायम अडकवून ठेवायचा.

गणपतीत तिला झटका आला. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं. धुळ्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. मुलगा निंबा सुरतेहून येऊन राहिला. हळूहळू वाचा आली, हात आला, पाय थोडा मागे राहिला. दिवाळीनंतर तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान आहे. परत येताना एसटीत ती खिडकीशीच बसली होती. धुळे ते पारोळा एकही पाटी तिने वाचली नाही. चुडामणला वाटलं, थकली असेल.

शाळेची पाटी लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमराजची मोटरसायकल दारात येऊन थांबली. मागे चार-सहा रिकामे लोक चालत आलेच.

“चुडामणभाऊ,” प्रेमराज गाडीवरूनच म्हणाला, “माले हात लाई दखा. गरम शे का थंडा?”

“काय व्हयनं रे भो?”

“मना बाप उठी बठना, श्रीयुत व्हई गया! आनि मी भिंतवर कैलासवासी! मनी बायको नारळ फोडाले गई व्हती, वाचीसन तठेच रडू लागनी. सकायपाईन घरमा चूल पेटाडेल नई. म्हनस, अपशकुन व्हयना.”

मागचे लोक खिदळले. एकजण म्हणाला, “प्रेमराज, दहाव्वाले काय करशी, बुंदी का शिरा?”

प्रेमराजलाही हसू आलं, पण अर्धंच. चुडामणच्या कानात कालचे शब्द जसेच्या तसे होते. कैलासवासी तोताराम. श्रीयुत प्रेमराज. तो दारात उभ्या बायकोकडे वळला. ती म्हणाली, “मी तं बरोबर वाचं.”

“वाचं तं बरोबरच, अक्का,” प्रेमराज म्हणाला. “आख्खा गावनी आयकं. लिखेल चुकीनं शे.”

चुडामणने जाऊन लाल तेवढं टर्पेंटाइनने पुसलं, पुन्हा भरलं. दहा मिनिटांचं काम. चूक त्याची होती, रंग त्याच्या हाताने गेला होता. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, शिडीवर चुका होतातच. पण खालून वाचणारीला ती दिसली कशी नाही?

दुपारी बाहेर वावटळी उठत होत्या. घरात दार लोटून दोघं बसली होती, ती डाळीतले खडे निवडत होती. चुडामणने कोनाड्यातली दगडी पाटी काढली. लग्नाच्या नवलाईत तिने याच पाटीवर त्याला स्वतःचं नाव काढायला शिकवलं होतं, मग तिचं. त्याने पेन्सिलीने तीन अक्षरं काढली आणि पाटी तिच्यासमोर धरली.

“निंबानी माय, वाच बरं. शायेमा आजून एक लिखानं शे.”

पाटीवर लिहिलं होतं ‘प्रमिला’.

तिने पाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. परत पाटीकडे. डाळीतला हात थांबला होता.

“मराठी शाळा,” ती म्हणाली.

चुडामणने पाटी आपल्याकडे वळवली, धोतराच्या सोग्याने पुसली. “बरोबर शे,” म्हणाला.

त्या दोन शब्दांनी त्याने स्वतःला बांधून घेतलं. झटक्यानंतर बाई तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. भाकरीच्या जागी परातीत नकाशे व्हायचे, म्हणून चूल शेजारणीने सांभाळली. हातातलं एकेक गेलं. ती उठून बसली ती खुर्चीसाठी. थंडीत पहिल्यांदा सोसायटीच्या गोदामावर काम मिळालं आणि तो एवढंच म्हणाला, “चाल, वाचाले कोन शे?” तेव्हा ती आपणहून केस विंचरून उभी राहिली. आता तिला सांगायचं, की तुला अक्षरं दिसत नाहीत? तुझ्याऐवजी दुसरं कोणी वाचेल? त्यापेक्षा जीभ हासडलेली बरी.

त्याने वाट काढली. ती वाचून झाली की तो बिडी ओढायचं निमित्त करून रस्ता ओलांडी, तिच्या खुर्चीमागे उभा राही आणि बिडी संपेपर्यंत एकेक अक्षर जोडत भिंत वाचून काढी. तिला पत्ता लागू नये म्हणून मधेच आकाशाकडे बघे. दोन पाट्या अशा निभावल्या. एकीत चूक सापडली तेव्हा ‘रंग फाटना’ म्हणून पुन्हा शिडी लावली. तिने पुन्हा पहिल्यासारखंच वाचलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामसेवक नवलभाऊ कागद घेऊन आला. गावातल्या आठ हातपंपांचं पाणी तपासून आलं होतं. चार चांगले, चार वाईट. गेल्या पावसाळ्यात अर्धं गाव हगवणीने लोळलं होतं.

“चुडामणभाऊ, दोन दिवसमा बठ्ठा पंपसवर लिखाई गया पाहिजे,” नवल म्हणाला. “चार जागे ‘हे पाणी पिण्यास योग्य आहे’, चार जागे ‘योग्य नाही’. आनि दखज्यात हां. प्रेमराज तं जित्ता शे म्हनीसन हसनात. आठे हसनं नई शे.”

“आम्ही लिखस तठे चूक व्हत नई,” प्रमिलाबाई आतून म्हणाली. “एक व्हई गई, ती व्हई गई.”

चुडामणने ठरवलं, ‘नाही’ हा शब्द लाल काढायचा आणि मोठा काढायचा. लांबून कळला पाहिजे.

पहिल्या दिवशी पहाटे तीन पंप झाले. चौथा बाजारपट्टीत, सज्जनबाईंच्या गुरांच्या ढेप-सरकीच्या दुकानासमोर. पाणी वाईट असलेल्यांपैकी तो एक. तिथे पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. चुडामणने पंपामागच्या भिंतीवर घाईने काळं भरलं, ‘हे पाणी पिण्यास योग्य’, आणि पुढे लालासाठी हातभर जागा सोडली. काळा ब्रश धुवायला घेतला तेवढ्यात समोरून सज्जनबाईंची हाक आली. सत्तरीच्या, पांढरी ओढणी, हातात ताकाचा तांब्या.

“पेंटर, आधी ताक घ्या. ऊन डोक्यात जाईल. आणि प्रमिलाबाई, तुम्ही वाचा बरं, मला ऐकू द्या. हा माझा सुभाषचंद दुकानात बसून मोबाइलच बघतो, भिंत कोण वाचणार? तुमचा आवाज आला की मला कळतं गावात काय लिहिलं ते.”

प्रमिलाबाई खुलली. किती महिन्यांनी कोणी मागून घेतलं होतं! खुर्चीत ताठ बसून तिने वाचलं, “हे पाणी पिण्यास योग्य नाही.” आणि वर आपल्या पदरची भर, “आयकं का वं बायासहोन? योग्य नाही!”

पंपावर दोन बाया हंडे घेऊन आल्या होत्या, त्या परत फिरल्या. समोरच्या अंगणवाडीच्या दारातून ज्योतीनेही ऐकलं. ती तिथली सेविका. तिने मान हलवली आणि आत गेली.

चुडामणने ताक घेतलं. सज्जनबाईंनी निंबाची चौकशी केली, सुरतेचं ऊन कसं, लग्नाचं कुठवर आलं. बोलता बोलता भिंत तापली. तांब्या परत करून त्याने शिडी उचलली. बिडी ओढली नाही. इतक्या लोकांसमोर, ती एवढी खुललेली असताना, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहणं त्याच्या जिवावर आलं. आणि ‘योग्य नाही’ हे शब्द इतके लख्ख कानात होते, की ते भिंतीवर आहेतच असं त्याला वाटलं. लाल डबा त्या सकाळी त्या पंपावर उघडलाच नाही.

अकराच्या सुमारास ज्योती धावत घरी आली. डोक्यावर पदर नाही, घामाने चिंब.

“काका, तुम्ही पंपवर काय लिखं?”

“का वं?”

“मनी मदतनीस आते कामवर उनी. भिंत वाची तिनी. ‘पिण्यास योग्य’. दोन हंडा भरीसन ठी दिन्हात. मी इचारं, कोनता पंपनं पानी? ती म्हने समोरना, पाटीवर लिखेल शे ना! मी काकूनं वाचेल आयकं व्हतं म्हनीसन बरं, नई तं बठ्ठा पोरे पेतात. आते बी पाच जनसनी पेलाभर पेयेल शे.”

चुडामण ओट्यावरून उठला. “मनी चूक. लाल रंग टाकाना ऱ्हाई गया. मनीच चूक शे.”

“पन काका,” ज्योती धापा टाकत म्हणाली. तिला काही काढायचं नव्हतं, ती खरंच बुचकळ्यात पडली होती. “तठे ‘नाही’ नईच शे. मंग काकूनी वाचं कसं?”

आत रेडिओवर बाजारभाव लागले होते.

प्रमिलाबाई दाराच्या चौकटीला धरून बाहेर आली. खाली बसली. “जोती,” ती म्हणाली, “माले अक्षरं वयखू येत नई. गनपतीपाईन. डोया चांगला शेतस, तुनं तोंड दिसस, भिंत दिसस. अक्षरं दखं की तुरना काड्यासना कुड दिसस. कोनती काडी कोठे सुरू व्हस, कोठे सरस, काहीच समजत नई.”

“काकू, मंग...”

“काय लिखानं ते आधीच माहीत ऱ्हास ना. तेच म्हनी देस मी. तोंडपाठ.” मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नाही, उलट उतरला. “आनि तुम्हले माहीत व्हतं. त्या दिन पाटीवर तुम्ही मनं नाव लिखं व्हतं, नई का?”

चुडामण पायातली वहाण शोधू लागला.

“तुमना तोंडवरथीन समजनं माले. मराठी शाळा म्हनताबरोबर तुम्ही असं तोंड करं, निंबा पायनामाईन पडी गयथा तवय करं व्हतं तसं. आनि सांगं, ‘बरोबर शे’. मी म्हनं, ऱ्हाऊ द्या. जोपर्यंत चालस तोपर्यंत.” तिने पदराने कपाळ पुसलं. “मी खोटं वाचं, तुम्ही खोटं आयकं. आनि पानी पोरेसनी पेवानं?”

भर बाराच्या उन्हात चुडामण लाल डबा घेऊन गेला. भिंतीला हात लावायची सोय नव्हती. ‘नाही’ काढला आणि तो डोळ्यांदेखत ओघळला, ‘ना’च्या कान्यावरून खाली, ‘ही’च्या वेलांटीवरून खाली. पुसून पुन्हा काढावा इतकं बळ त्याच्यात नव्हतं. तसाच सोडला. दुकानातून सुभाषचंद बघत होता. त्याच्या आईने हाक मारली, तेव्हा चुडामणने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रमिलाबाईने तीनदा ज्योतीकडे शेजारची पोर पिटाळली. पोरं कशी आहेत? खेळत आहेत. जेवली का? जेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे चुडामण रंग गाळत होता तेव्हा ती जागी होती, पण उठली नाही. त्याने खुर्चीला हात घातला.

“ऱ्हाऊ द्या ती,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

“तू फक्त बस. जोती वाची.”

“मी काय शोभाले बसू?”

तो शिडी घेऊन एकटाच निघाला. वाटेत दोघांनी विचारलं, “अक्का कोठे?” त्याने नुसती मान हलवली. ज्योती अंगणवाडी उघडायच्या आधी त्याच्याबरोबर उरलेल्या चारही पंपांवर फिरली. प्रत्येक ठिकाणी भिंतीसमोर उभी राहून वाचलं, मोबाइलवर फोटो काढला, तो नवलभाऊला पाठवला आणि म्हणाली, “बरोबर शे, काका. पुढे चला.” एकही चूक निघाली नाही. चुडामणने रीतही बदलली, लाल आधी काढलं. चार पंपांवर एकदाही कोणाचा आवाज निघाला नाही. कडुनिंबाखालच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी पाटी लिहिलेली पाहिली, काय लिहिलं ते त्यांना कळलं नाही. त्यातल्या एकाने ज्योतीला बोलावून विचारलं, “काय लिखं व माय?”

साडेनऊला चुडामण घरी आला. प्रमिलाबाई उठलेली होती. ओट्यावर डाळ पसरून खडे वेचत होती. घडी केलेली खुर्ची तिने आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवली होती.

त्याने शिडी भिंतीला लावली. डबे सावलीत ठेवले.

“पोरे कसा शेतस?” तिने मान वर न करता विचारलं.

“चांगला शेतस. नाचू लागनात.”

“कोनी वाचं?”

“जोतीनी.”

“कसं वाचं?”

“बरोबर वाचं. चारी जागे.”

“मोठावरी?”

“नई,” चुडामण म्हणाला. “मनमाच वाचं. मंग फोटो काढा.”

प्रमिलाबाईचा हात डाळीत थांबला. “मंग गावले कसं समजी?”

तिने एक खडा उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि अंगणात भिरकावला. मग दुसरा शोधू लागली.

चुडामण खाली बसला. ब्रश लवकर धुतले नाहीत तर केस ताठ होतात, मग दुसऱ्या दिवशी कामाला येत नाहीत. त्याने वाटीत टर्पेंटाइन ओतलं, आधी काळा ब्रश बुडवला, मग लाल, आणि फडक्यात धरून एकेक पिळू लागला.